दर सोमवारी बसणारी बॅटरी

“बाहेर निघा! बाहेर निघा म्हणतो तुमाले! वडश्याच्या चार लोकाईले समजू द्या, तुमी बॅटऱ्या इकता का लोणच्याच्या बरण्या!”

वामन रामटेके माझ्या वडश्यातल्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून ओरडत होता. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली बॅटरी. तिच्यातून झिरपलेल्या ॲसिडनं शर्टाला रुपयाएवढं भोक पाडलेलं, आणि भोकातून लाल झालेला खांदा दिसत होता. एस्टीतून उतरल्यापासून तो असाच ओरडत आला असावा, कारण त्याच्या मागे पंधरा-वीस माणसं आणि एक बकरी होती. बकरीची काय तक्रार होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

“वामन, बस आधी. पाणी पी.”

“पानी तुमच्या बॅटरीले पाजा! तीन सोमवार झाले, तीन! नवीकोरी बॅटरी अन् सोमवार आला का मुर्दा. तुमी मंगळवारी जिती करून देता, शनवारपर्यंत घोड्यावानी पळते, सोमवारी सकाळी पुन्हा मुर्दा. सोमवारचा उपास धरते का जी तुमची बॅटरी?”

सगळी गर्दी हसली. मी हसलो नाही. माझ्या डोक्यावर लाल रंगात रंगवलेली पाटी होती : ‘येथे बॅटरी मरत नाही’. हे वाक्य मला स्वतःला सुचलेलं, आणि पेंटरनं ‘मरत’ आणि ‘नाही’ यांच्यात इतकं अंतर ठेवलेलं की दुरून येणाऱ्याला पहिले तीनच शब्द दिसायचे.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांतली. गडचिरोली जिल्हा तेव्हा नवा होता, रस्ते जुने होते आणि गाड्या रस्त्यांपेक्षा जुन्या होत्या. वामन कुरखेड्याच्या पलीकडचा, आंबेटोल्याचा. आईची धानाची बांदी, म्हणजे बांधातलं शेत, विकून त्यानं लिलावातली एक पेट्रोल जीप घेतली होती. प्राथमिक आरोग्य केंद्राची स्वतःची गाडी दुरुस्तीला गेली ती गेलीच, म्हणून डॉक्टरसाहेबांनी वामनची जीप भाड्यानं लावली. दर सोमवारी सिस्टर लशींचा बर्फाचा डबा घेऊन जंगलातल्या गावांत जायच्या आणि लेकरांना टोचून यायच्या. आठवड्यातला तेवढाच दिवस पक्का. त्या दिवसावरच जीप पोसायची, आणि जीपवर वामनचं घर.

आणि नेमकी सोमवारीच जीप उठेना. हँडल मारा म्हणाल, तर पार बसलेल्या बॅटरीवर ठिणगीच पडत नाही, हँडल मारून फक्त मारणारा गरम होतो. डॉक्टरसाहेबांनी सांगून टाकलं होतं, “येत्या सोमवारी मी स्वतः येऊन पाहीन. गाडी निघाली नाही तर दुसऱ्याची लावतो.”

वामनचं ओरडणं एवढ्यासाठी होतं. तेवढ्यासाठी मीही ओरडलो असतो, आणि माझा आवाज जास्त मोठा आहे.

आता मी कोण, हे सांगायला हवं. माझ्या हातून पन्नास हजार बॅटऱ्या गेल्या. बायको म्हणते पाच हजार. तिला गणित येतं, मला बॅटऱ्या येतात. धंदा शिकलो घुग्घुसला, कोळशाच्या ट्रकांवर. तिथं दिवसभर काम केल्यावर माणूस इतका काळा व्हायचा की घरचे आधी आवाज ऐकायचे, मग दार उघडायचे.

तिथं एक ट्रकमालक होता. त्याच्या ट्रकची बॅटरी उभ्या-उभ्या उतरायची. त्यानं दोन बॅटऱ्या बदलल्या, मग मांत्रिक आणला. मांत्रिकानं ट्रकभोवती सात फेरे मारले आणि सांगितलं की खाणीत मेलेला एक माणूस टपावर बसतो आणि बॅटरी पितो. मी गेलो. बॅटरीच्या डोक्यावर कोळशाची भुकटी साचलेली, तीत ॲसिडचा ओलावा. त्या काळ्या चिखलातूनच एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर करंट गुपचूप वाहत होता, दिवसरात्र. मूठभर खायचा सोडा पाण्यात कालवला आणि फडक्यानं पुसून काढली. भूत गेलं. मालक मात्र नाराज झाला. म्हणाला, “इतकंच होतं का?” भूत असतं तर त्याला चार ठिकाणी सांगता आलं असतं.

त्या दिवशी मला धंद्यातलं मुख्य कळलं. बॅटरी आपण होऊन क्वचितच मरते, तिला कोणीतरी खातं. खाणारा शोधला की निम्मं काम झालं. हे मी पुढं शंभर गिऱ्हाईकांना शिकवलं आणि वामनच्या वेळी स्वतःच विसरलो. का विसरलो, ते येईलच.

लोक विचारायचे, भाऊ, चांगली बॅटरी ओळखायची कशी? गिऱ्हाईक लेबलाचा रंग पाहतं, कोणी वाजवून पाहतं, जसं काही मडकं घेतोय. एका तेंदूपत्त्याच्या ठेकेदारानं तर वास घेतला होता. दोन दिवस त्याला जेवणाची चव नव्हती. मी म्हणायचो, उचलून पाहा. आत शिशाच्या प्लेटा असतात, अकरा, तेरा, पंधरा. जितकं शिसं तितका जीव. सारख्या मापाच्या दोन बॅटऱ्यांतली जी उचलताना तोंडून ‘आई गं’ निघेल ती घ्या. मग विचारा, ॲसिड कधी भरलं? भरून ठेवलेली बॅटरी म्हणजे सोयरीक न जमलेला नवरदेव. कपाटात बसून वय वाढतं आणि बाहेरून टोपी नवीच दिसते. आपल्या डोळ्यांदेखत ॲसिड भरून, चार्ज करून देईल त्याच्याकडून घ्या. आणि नंतर तिला डिस्टिल्ड पाणीच पाजा, बाकी काही नको.

हे शेवटचं मुद्दाम सांगतो. ब्रह्मपुरीचा एक देवभक्त ट्रकवाला होता. त्यानं ऐकलं की बॅटरीला शुद्ध पाणी लागतं. नारळापेक्षा शुद्ध काय? देवाला चालतं ते बॅटरीला चालणार नाही? त्यानं सहा खान्यांत सहा नारळ फोडले. बॅटरी माझ्याकडे आली तेव्हा तिला शिळ्या प्रसादाचा वास येत होता. मी म्हटलं, हिची आता आरती करा, चार्जिंग होणार नाही.

असो. वामन अजून पायरीवरच आहे.

बॅटरी टेबलावर घेतली. काचेच्या नळीनं एकेका खान्यातलं ॲसिड ओढून पाहिलं. नळीत एक काडी तरंगते. वर राहिली तर बॅटरी भरलेली, बुडाली तर उतरलेली. लोक तिला बॅटरीचा थर्मामीटर म्हणायचे. सहाही खान्यांत काडी तळाला. पण सहाही ठिकाणी सारखी! एखादं खानं खराब असतं तर एकच काडी वेगळी वागली असती. म्हणजे बॅटरी निरोगी, फक्त उपाशी.

“डायनामो चार्ज करते?”

“काटा दाखवते ना जी.”

“लाईट चालू राहून जाते?”

“मी सोता पाहतो.”

“रविवारी गाडी कुठं जाते?”

“कुठीच नाई. रविवारी तिले आराम. आंगनात उभी रायते, चाक हालत नाई.”

बाहेर गर्दी, समोरच्या हॉटेलात चहा पिणारे कान देऊन बसलेले, आणि वर ती पाटी. मी अभिमानापोटी जे करायला नको ते केलं. आणखी एक प्रश्न विचारायच्या ऐवजी दुकानातली सर्वांत जड बॅटरी उचलली (‘आई गं’ दोनदा निघालं), तीत ॲसिड भरलं, दोन दिवस चार्जिंगला लावली आणि शुक्रवारी वामनच्या हाती दिली. म्हणालो, “पंधरा प्लेटांची आहे. हिच्यावर हत्ती सुरू होईल. सोमवारी ही बसली तर मी पाटी उतरवून तिच्यावर भाकरी थापीन.”

वामन म्हणाला, “भाकर नोको जी. गाडी निंगू द्या.”

शनिवारभर माझं दुकानात लक्ष लागेना. हिशेब सरळ होता. शनिवारी बॅटरी जिवंत असते, सोमवारी मेलेली. म्हणजे खून रविवारी होतो. मी रविवारी दुपारी कुरखेड्याची एस्टी धरली, तिथून सायकल भाड्यानं घेतली आणि ती काचेची नळी डॉक्टरासारखी खिशात अडकवून निघालो. वाटेत मला वाघ आडवा गेला. बायको म्हणते तो कोल्हा होता, पण ती तिथं नव्हती.

आंबेटोल्याच्या अलीकडे तलाव आहे. तलावाच्या पाळीवर पोचलो आणि आभाळातून आवाज आला. माणसाचा नव्हे, देवाचाच म्हणावा इतका मोठा. बगळे उडाले. देव दंतमंजनाची जाहिरात करत होता.

मी सायकल हाणत गावात शिरलो. आंबेटोल्यात विजेचे खांब आलेले, तार यायची होती. पण वामनच्या घरामागं एकाला एक बांधलेले तीन बांबू आभाळात गेलेले, टोकावर अँटेना, आणि एक माणूस बुंध्याशी बसून बांबू फिरवतोय. चिंचेच्या झाडाला दोन भोंगे टांगलेले. अंगणात दोनशे माणसं. वामन म्हणतो साठ. तो मोजायला माझ्या बायकोकडे शिकला असावा. ओट्यावर काळापांढरा टीव्ही, त्यावर चित्रापेक्षा मुंग्या जास्त, आणि सगळं गाव त्या मुंग्यांकडे एकटक पाहतंय. आणि अंगणाच्या कडेला, बॉनेट उघडून, गळ्यात झेंडूचा हार घालून उभी होती जीप. तिच्या पोटातून निघालेल्या दोन वायरी, एक लाल आणि एक काळी, सरळ ओट्यावर चढल्या होत्या.

“बॅटरीवाले भाऊ आले!” वामनची आई, भागीरथाबाई, पदर खोचून उठली. “अवो, खुर्ची द्या कोनी तरी! याइच्याच बॅटरीवर चालू हाय सारं!”

दोनशे माणसं वळली. काहींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजत असतानाच मी त्या वायरींकडे पाहिलं. बॅटरीला लावलेले चिमटे माझ्या दुकानातले होते. माझीच पिवळी टेप गुंडाळलेली.

“बाई, हे चिमटे...”

“तुमीच तं देल्ले! मी नाई का आली होती दोन महिन्यामांगं? जावयानं खाणीवरून जुना टीव्ही देल्ला, तं मी इचारलं, भाऊ, बॅटरीवर चालते का? तुमी म्हनले, काऊन नाई चालनार? टीव्ही चिमनीएवढं खाते!”

म्हणालो होतो. अगदी या शब्दांत. वर हसलोही होतो. ही म्हातारी कोणाची, बॅटरी कोणाची, काही विचारलं नव्हतं. खाणारा शोधायचा म्हणून सायकल हाणत आलो आणि खाणाऱ्याला चमचा मीच दिला होता.

“चिमणी ठीक आहे,” मी म्हणालो. “पण भोंगे?”

“ते जयंतीच्या मिरवनुकीचे हायत. पंचाईले इचारून महिन्याभरामांगं आनले. मांगच्या लोकाईले आयकू येत नवतं ना.”

“कधीपासून चालू आहे?”

“सकाळी नवापासून. मधातल्या वक्ती क्यासेट लावतो, भीमगीतं. आता सिनेमा लागनार हाय.”

मी नळी काढली, बॉनेटात वाकलो. काडी अर्ध्याच्याही खाली गेली होती. तेवढ्यात वामन माझ्यासाठी चहा घेऊन आला, तोंडभर हसत.

“वामन! तू म्हणाला होतास रविवारी गाडी उभी राहते!”

“उभीच तं हाय जी. चाक हाललं का पाहा.”

“अरे, पण बॅटरी?”

“बैल आंगनात बांधला तं थकते का? गाडी चालन तवा बॅटरी चालन. इथी तं नुसती बसून हाय.”

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी बॅटरी म्हणजे जुंपलेला बैल, जू उतरलं की आराम. आणि मी ज्याला बॅटरी विकली त्याला बैल आणि बॅटरी यांतला फरक एकदाही सांगितला नव्हता. मी प्लेटा सांगितल्या होत्या.

मी त्याला तिथंच, चहा हातात धरून, सांगितलं. टीव्ही चिमणीएवढं खातो हे खरं. पण भोंग्याचं यंत्र म्हशीएवढं खातं, आणि तू दर रविवारी म्हैस सकाळपासून अंधारापर्यंत चरायला सोडतोस. मग सोमवारी बैल उठणार कसा? वामनचा चेहरा उतरत गेला. त्यानं जीपकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, जिकडून सकाळी डॉक्टरसाहेब येणार होते.

“बंद करा!” तो एकदम ओरडला. “सारं बंद करा!”

अंगणात असा गलका उठला की बगळे दुसऱ्यांदा उडाले. “काहाले बंद?” “आमी तीन कोसावरून आलो!” भागीरथाबाई लेकासमोर उभी राहिली. “वामन, सिनेमा बंद केला तं लोकं आपल्या छपरावर एक तरी कवेलू ठेवतीन का?”

“अन् उद्या गाडी नाई निंगाली तं घर तरी राहीन का, माय?”

म्हातारी बाजूला सरली. मला वाटतं, विकलेली बांदी तिला तेव्हा आठवली असावी.

मी पुढं झालो. भोंग्यांच्या यंत्राची वायर काढली. आभाळातला देव मधल्या शब्दातच मेला. “चिमणी राहू द्या,” मी म्हणालो. “म्हैस बांधा. पाहायचं त्यानं पाहा, आवाज जेवढा येईल तेवढा.”

“मांगं काय आयकू येईन, बाप्पा?” मागच्या रांगांतून खडे यायच्या बेतात होते. तेवढ्यात किसनभाऊ मडावी उठला. किसनभाऊ झाडीपट्टीच्या नाटकांत राजा व्हायचा. त्याच्या आवाजाला माईक लागत नसे. तो तलावाच्या या काठावर ‘प्रधानजी!’ म्हणाला तर पलीकडच्या गावचा प्रधान ‘जी महाराज’ म्हणत असे. तो टीव्हीला कान लावून बसला आणि जे ऐकू येईल ते सगळ्या अंगणाला सांगू लागला.

पहिली दहा मिनिटं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. मग सिनेमातल्या नायकानं बापाला दोन शब्द सुनावले आणि किसनभाऊला ते कमी वाटले. त्यानं स्वतःचे वीस घातले. पडद्यावर गाणं चालू होतं आणि इकडे किसनभाऊचा नायक अजून बापाशी भांडत होता. पुढं नायिकेची आई मेली, पण किसनभाऊनं तिला मरू दिलं नाही, म्हणाला, “बेसुद हाय, बेसुद!” मागच्या रांगांतल्या बायांनी सुटकेचा श्वास सोडला. सिनेमा संपला, टीव्ही बंद झाला, चिमटे निघाले, तरी किसनभाऊचं भाषण चालूच होतं. आंबेटोल्यात अजून लोक सांगतात, तसा सिनेमा पुन्हा कधी झाला नाही.

मी वामनकडेच मुक्काम केला. सकाळी सातला डॉक्टरसाहेब मोटारसायकलवर आले. मागोमाग खोब्रागडे सिस्टर आल्या, बर्फाचा डबा सांभाळत. डॉक्टरसाहेब घड्याळ पाहत उभे राहिले. वामन जीपमध्ये बसला. त्यानं स्टार्टर दाबला. ओट्यावर भागीरथाबाई, कुंपणाला अर्धं गाव.

ख्यँ... ख्यँ... ख्यँ... आणि शांत.

माझं आयुष्य दहा वर्षांनी कमी झालं, म्हणून आज मी आहे त्यापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा दिसतो. वामननं माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही माझ्याकडे पाहिलं नसतं. “चोक ओढ,” मी कसंबसं म्हणालो. त्यानं चोक ओढला, श्वास धरला आणि पुन्हा दाबलं.

ख्यँ... ख्यँ... भर्रर्रर्र!

निळा धूर सगळ्या अंगणात पसरला. कोणीतरी जीपच्या नावानं घोषणा दिली. डॉक्टरसाहेब म्हणाले, “हं. दर सोमवारी अशीच निघाली पाहिजे,” आणि मोटारसायकल वळवून गेले. वामननं डोळे पुसले आणि म्हणाला, धूर लई झाला जी.

मला कुरखेड्याला सोडायचं म्हणून भाड्याच्या सायकलीसकट मागं बसवलं. पुढं सिस्टर, मांडीवर डबा घेऊन, रस्त्याकडे पाहत. मी तर हवेत होतो. अर्ध्या वाटेपर्यंत मी त्यांना पंधरा प्लेटा, चिमणी, म्हैस, घुग्घुसचं भूत, सगळं ऐकवलं. मग मला जरा गहिवरूनही आलं. म्हणालो, “सिस्टर, एका बॅटरीपायी तीन सोमवार सगळ्या गावांतली लेकरं बिनटोचलेली राहिली. मी काल आलो नसतो तर पुढं किती राहिली असती, विचार करा.”

सिस्टरांनी डब्याचं झाकण घट्ट बसलंय का ते दाबून पाहिलं.

“कोनीच नाई राह्यलं, भाऊ. तिन्ही सोमवार डबा कॅरियरले बांधून मी सायकलनं जाऊन आली.”